मकमलचे यार्ड: मध्य आशियाच्या दळणवळण भागीदारीची पार्श्वभूमी

चीन, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान यांनी ६ जून २०२४ रोजी बीजिंगमध्ये चीनमधल्या काशगरपासून उझबेकिस्तानातल्या अंदिजानपर्यंतच्या रेल्वेमार्गाच्या करारावर सह्या केल्या. या मार्गाची बोलणी १९९७ पासून चालू होती. सत्तावीस वर्षे रखडण्यामागे पैसा हे एक कारण होतेच, पण त्याआधीचे दोन प्रश्न सुटत नव्हते: रूळ कोणत्या खिंडीतून न्यायचे आणि गेज (दोन रुळांमधले अंतर) कुठे बदलायचे. दुसरा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. तो तसा नाही, म्हणून या टिपणात त्याला जास्त जागा दिली आहे; शीर्षकातले किर्गिझस्तानमधल्या मकमलचे यार्डही त्याच प्रश्नाचे उत्तर.

जुना इतिहास थोडक्यात. झारच्या काळात १८८० च्या दशकात कॅस्पियनच्या काठावरून निघालेली रेल्वे १८८८ मध्ये समरकंदला पोहोचली. ओरेनबुर्ग–ताश्कंद मार्ग १९०६ मध्ये आणि सैबेरियाला जोडणारा तुर्कसिब १९३० मध्ये सुरू झाला. या सगळ्या रुळांचे तोंड रशियाकडे होते. सोव्हिएत नियोजनात प्रजासत्ताकांच्या सीमा नकाशापुरत्याच असल्याने गाड्या त्या कुठेही ओलांडत. १९९१ नंतर त्याच सीमांवर कस्टम्सची ठाणी उभी राहिली. ताश्कंदहून आपल्याच फेरगाना खोऱ्यात मालगाडी पाठवायची तर उझबेकिस्तानला ती ताजिकिस्तानातून न्यावी लागे. कामचिक खिंडीखालून १९ किलोमीटरचा बोगदा काढून २०१६ मध्ये आंग्रेन–पाप मार्ग सुरू झाला, तेव्हा कुठे देशातल्या देशात माल जाऊ लागला.

समुद्रकिनारा नसलेल्या देशांना कायद्याने काय मिळते, याबद्दल बराच गैरसमज आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचे १२५ वे कलम त्यांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क देते. पण त्याच कलमाचा पुढचा भाग सांगतो की अटी आणि पद्धत संबंधित देशांनी आपसात ठरवायची. म्हणजे हक्क कागदावर पक्का, आणि दर, वेळापत्रक, तपासणी, परवाने हे सगळे शेजाऱ्याशी बोलून. उझबेकिस्तानचे तर सगळे शेजारीही किनाऱ्याविना आहेत, त्यामुळे त्याला समुद्र गाठायला किमान दोन देशांशी बोलावे लागते. भागीदारीचे करार इतके का होतात, आणि एकाने काम का भागत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

१९९० च्या दशकात हे करार चारही दिशांनी आले. कझाकस्तानचे रूळ दोस्तिकजवळ चीनच्या रुळांना १९९० मध्येच भिडले होते. १९९३ मध्ये ब्रुसेल्समध्ये मध्य आशियातील पाच आणि कॉकेशसमधील तीन देशांनी कॅस्पियनमार्गे युरोपला जोडणाऱ्या कॉरिडॉरला मान्यता दिली. १९९६ मध्ये सरख्सला तुर्कमेनिस्तान आणि इराणचे रूळ जोडले गेले. २००० मध्ये सेंट पीटर्सबर्गला भारत, इराण आणि रशिया यांनी उत्तर–दक्षिण कॉरिडॉरचा करार केला. न्हावा शेवा किंवा मुंबईहून कंटेनर बंदर अब्बासला उतरवून पुढे रस्त्याने किंवा रेल्वेने उत्तरेला न्यायचा, अशी ती कल्पना. इराणमधला रश्त–अस्तारा हा १६२ किलोमीटरचा तुटलेला दुवा अजून जोडायचा आहे, म्हणून त्या मार्गाच्या पश्चिम शाखेवर माल मध्येच ट्रकवर चढवावा लागतो.

आता गेज. चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटर अंतरावर असतात, सोव्हिएत वारशाचे १,५२० वर. फरक ८५ मिलिमीटरचा. तिसरा रूळ टाकून दोन्ही गाड्या एकाच मार्गावरून का चालवत नाहीत, असे सहज विचारले जाते. जड मालाच्या रुळाचा तळ सुमारे १५० मिलिमीटर रुंद असतो. ८५ मिलिमीटरच्या फटीत दुसरा रूळ बसतच नाही. मग चार रूळ टाकावे लागतात, आणि सांधे, स्लीपर, देखभाल सगळेच महाग होते. आपल्याकडे मीटरगेज आणि १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमध्ये अंतर भरपूर, म्हणून तिसरा रूळ शक्य व्हायचा. मिरजेला एकेकाळी तिन्ही गेजच्या वाघिणी येत. माल उतरवून पुन्हा चढवण्यात काय जाते, हे तिथल्या जुन्या रेल्वे कामगारांना वेगळे सांगायला नको.

शिवाय फरक फक्त रुळांचा नाही. चिनी वाघिणीचे कपलिंग (वाघिणी एकमेकींना जोडणारा आकडा) वेगळ्या जातीचे, सोव्हिएत वाघिणीचे वेगळे. मधला जोडतुकडा लावल्याशिवाय ती एकमेकांत अडकत नाहीत. म्हणजे नुसत्या बोगी (वाघिणीखालच्या चाकांच्या चौकटी) बदलून भागत नाही. मालगाडीसाठी सोपा उपाय एकच: कंटेनर उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवणे. चीन–कझाकस्तान सीमेवरच्या खोर्गोसला कझाक बाजूला ४१ टन क्षमतेच्या क्रेन हेच काम करतात. दोन गेजच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात. आधी वाघिणीचा नंबर, कंटेनरचा नंबर आणि सीलचा नंबर मालपत्राशी ताडून पाहतात. क्रेनची चौकट कंटेनरच्या वरच्या चार कोपऱ्यांत खिळी फिरवून पकड घेते, कंटेनर उचलून पलीकडे ठेवते, आणि खालचे चार लॉक बसले की पुढचा घ्यायचा. एका कंटेनरला काही मिनिटे पुरतात. वेळ खरा जातो तो इतरत्र. पलीकडे रिकाम्या सपाट वाघिणी वेळेवर आलेल्या नसतात. सीलच्या नंबरातला एक आकडा मालपत्राशी जुळत नाही आणि तो कंटेनर बाजूला पडतो. खुल्या वाघिणीतला कोळसा, धान्य किंवा लाकूड असेल तर क्रेनचा उपयोगच नाही; ते पुन्हा भरावे लागते, आणि त्यात घट धरावीच लागते.

म्हणून नव्या मार्गावर हे यार्ड कुठे असावे यावर इतका वाद झाला. तोरुगार्ट खिंडीत, चीन–किर्गिझ सीमेवरच, ते असावे हा एक पर्याय. पण खिंड ३,७०० मीटरच्या वर आहे. बर्फ, वारा आणि सपाट जागेचा तुटवडा, यांमुळे तिथे मोठे यार्ड चालवणे अवघड. दुसरा पर्याय अंदिजानपर्यंत १,४३५ नेण्याचा. तो जलद दिसतो, पण त्यात किर्गिझ भूमीवरून गाड्या नुसत्या निघून जातील, गोदामे आणि नोकऱ्या उझबेक बाजूला जातील, आणि देशातल्या जुन्या १,५२० च्या जाळ्याला नवा मार्ग कुठेच जुळणार नाही. किर्गिझस्तानचे हे जाळे मुळातच दोन तुकड्यांत आहे, उत्तरेला बिश्केकभोवती आणि दक्षिणेला ओश–जलालाबादभोवती. परक्या गेजचे रूळ देशाच्या आरपार नेण्याबद्दल राजकीय अस्वस्थताही होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

शेवटी ठरले ते मधले: तोरुगार्ट ते मकमल १,४३५, आणि मकमल ते जलालाबाद १,५२०. टीकाकार म्हणतात की डोंगरात मध्येच गाडी थांबवणे म्हणजे मार्गाचा वेग घालवणे. माझ्या मते हा आक्षेप निम्माच खरा. अंदिजानपर्यंत १,४३५ नेले असते तरी पुढे उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान १,५२० चेच, आणि सरख्सनंतर इराण पुन्हा १,४३५. गेजबदल दोन ते दोनच राहिले असते, पहिला फक्त शंभरेक मैल पश्चिमेला सरकला असता. मकमलच्या निर्णयाने किर्गिझस्तानला निदान माल चढवण्या-उतरवण्याचे केंद्र मिळते. ते चालेल का, हे मात्र यार्डाच्या आकारावर नाही, जलालाबादकडून रिकाम्या वाघिणी किती नियमित चढून येतात यावर ठरेल.

पैशाची वाटणी अशी: संयुक्त कंपनीत चीनचे ५१ टक्के, उरलेल्या दोघांचे २४.५ टक्के प्रत्येकी. खर्च सुमारे ४.७ अब्ज डॉलर आणि त्यातला अर्धा चीनचे कर्ज. डिसेंबर २०२४ मध्ये जलालाबाद भागात कामाचा प्रारंभ झाला.

पश्चिमेकडचा रस्ता २०२२ नंतर अचानक गजबजला. युक्रेन युद्धामुळे रशियातून जाणारा माल अडला, आणि कझाकस्तानच्या अक्ताऊ बंदरातून कॅस्पियन ओलांडून बाकूजवळच्या अलातला, तिथून तिबिलिसी आणि कार्समार्गे तुर्कस्तानला जाणारा मार्ग पुढे आला. २०२४ मध्ये त्यावरून सुमारे ४५ लाख टन माल गेला. एकटे न्हावा शेवा बंदर वर्षाला आठ कोटी टनांहून अधिक माल हाताळते, हे लक्षात ठेवले तर प्रमाण कळते. इथली अडचण वाऱ्याची आणि पाण्याची आहे. वारा सुटला की अक्ताऊला जहाजे उभी राहतात आणि मागे वाघिणींची रांग लागते. कॅस्पियनची पातळी घटते आहे. धक्क्याजवळ खोली कमी झाली की जहाज पूर्ण भरता येत नाही, मग गाळ काढायचा, आणि पातळी आणखी उतरली की पुन्हा काढायचा.

शाश्वत विकास हा शब्द या करारांत आता सगळीकडे असतो. जानेवारी २०२४ मध्ये ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघाच्या मंचावर मध्य आशियातील वाहतुकीसाठी १० अब्ज युरोचे वचन दिले गेले. युरोपीय संघ आणि मध्य आशियाच्या एप्रिल २०२५ च्या समरकंद परिषदेत १२ अब्ज युरो जाहीर झाले. हे दोन आकडे एकमेकांत मिळवले जातात, ते चुकीचे आहे, कारण दुसऱ्या रकमेत वाहतुकीचा वाटा ३ अब्जांचाच. ६.४ अब्ज पाणी, ऊर्जा आणि हवामानासाठी, २.५ अब्ज खनिजांसाठी. पाण्याला एवढा वाटा मिळणे रास्तच आहे. सिर दर्या नदीच्या वरच्या अंगाला किर्गिझस्तानला हिवाळ्यात विजेसाठी धरणातून पाणी सोडावे लागते, आणि खालच्या उझबेक-कझाक शेतांना ते उन्हाळ्यात हवे असते. सोव्हिएत काळात खालून वर कोळसा आणि गॅस जायचा, म्हणून पाणी हिवाळ्यात साठवून ठेवता यायचे. १९९१ नंतर ती देवाणघेवाण विस्कटली. १,८६० मेगावॉटचे कंबाराता-१ धरण किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि कझाकस्तान मिळून बांधणार आहेत. त्यात वीज कोणाला किती, याइतकाच पाणी कोणत्या महिन्यात सोडायचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे.