तुमच्या घरातले, गल्लीतले आवाज: काम देण्याआधी हे एकदा वाचून घ्या

आम्ही दोघं पुण्यात हे काम करतो. तुमच्या घरातले, वाड्यातले, दुकानातले, गल्लीतले रोजचे आवाज रेकॉर्ड करायचे आणि त्यातून दोन ते चार मिनिटांचा एक ऑडिओ बनवायचा, एवढंच काम. फोनवर सगळं समजावून सांगता येत नाही आणि नंतर गैरसमज होतात, म्हणून हे पत्रक.

बहुतेक जण पहिलं विचारतात की मागे म्युझिक कुठलं टाकणार. काहीच टाकत नाही. निवेदनही नसतं, अगदी तुमचा आग्रह असेल तर घरातलं कोणी दोन वाक्यं बोलेल तेवढं. बासरी नाही, पियानो नाही. खाली सूर लावला की ऐकणारा त्या सुराचं ऐकतो आणि तुमची फोडणी, तुमची कडी, तुमची भाजीवाली सगळी मागे जाते, आणि आम्ही नेमके त्यांच्यासाठीच आलेलो असतो. दोन-तीन जणांनी हट्टाने म्युझिक टाकून घेतलं होतं, त्यातल्या एकांनी नंतर बिनम्युझिकचंच मागितलं, म्हणून आता आधीच सांगतो.

हे आमचं खूळ नवीन नाही. पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८ साली रेल्वे इंजिनांचे खरेखुरे आवाज रेकॉर्ड करून, ते कापून, परत परत वाजवून त्यातून एक रचना उभी केली होती, तीही टेप नसताना, तबकडीवर. पुढे कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत मरी शेफर म्हणून होते (आडनाव सारखं ऐकू येतं, माणूस वेगळा), त्यांनी लोकांना सांगितलं की प्रत्येक गावाला जसा डोळ्यांना दिसणारा देखावा असतो तसा कानाला ऐकू येणारा पण असतो, आणि तो बदलतो, नाहीसा होतो, तेव्हा टिपून ठेवा. आमचं काम या दोघांच्या मधलं कुठेतरी, आणि बरंच छोटं.

आता प्रत्यक्षात कसं होतं ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो, घरच्यांची परवानगी आहे. सदाशिव पेठेतला वाडा, रिडेव्हलपमेंटला जाणार, घरच्यांना झोपाळा हवा होता. झोपाळा म्हणजे लाकूड-पितळ ते नेणारच होते नवीन फ्लॅटमध्ये, पण तुळईला टांगलेल्या त्या झोपाळ्याच्या कड्या जशा कुरकुरायच्या तशा स्लॅबच्या हुकाला कुरकुरणार नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि बरोबरच होतं ते. लाकडी तुळई स्वतः थोडी वाजते, वरचा माळा वाजतो, सिमेंटमध्ये ते सगळं मरतं.

आम्ही माईक लावला तर आजी एकदम ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि वाडा कोणाचा, कोणी बांधला ते सांगायला लागल्या. छान सांगत होत्या पण झोपाळा हलेना. मग आम्ही त्यांना म्हटलं, आजी हे असंच चालू राहू दे, तुम्ही तुमचं करा, आणि आम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसलो चहा घेत. आजींनी थोड्या वेळाने शेंगा सोलायला घेतल्या आणि पाय आपोआप सुरू झाला. एक तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यातली चाळीस सेकंद शेवटी वापरली. त्यात काय आहे, तर झोका पुढे जाताना एक कुर्र, मागे येताना त्याहून थोडी खालची कुर्र, मधे शेंग फुटल्याची टिचकी, आणि दर झोक्याला फरशीवर पाय घासल्याचा अगदी बारीक सर्र. हा सर्र एकाच पायाचा आहे, कारण आजींचा उजवा गुडघा दुखतो म्हणून त्या डाव्यानेच रेटा देतात. आम्हाला हे माहीत नव्हतं, घरच्यांनी मागितलंही नव्हतं, त्यांना कड्याच हव्या होत्या. त्यांच्या बाहेरगावच्या मुलाने ऑडिओ ऐकून पहिला प्रश्न विचारला तो हा की आईचा गुडघा अजून बरा नाही का झाला.

म्हणून आमची एकच विनंती असते, आमच्यासाठी काही करून दाखवू नका. भाकरी थापायची असेल तर भूक लागेल तेव्हा थापा. कुकर मुद्दाम लावू नका. आम्ही येणार म्हणून घर आवरू नका, सतरंज्या काढून घड्या घालून ठेवल्या तर खोली घुमायला लागते आणि मग ते तुमचं घर राहत नाही, रिकामा हॉल होतो. आवाज जसा वस्तूचा असतो तसा खोलीचाही असतो, तोच पाटा-वरवंटा गच्चीत वेगळा वाजतो आणि न्हाणीघराशेजारच्या बोळात वेगळा. आम्ही प्रत्येक खोलीचा नुसता, काहीही न करता एक मिनिटभर आवाज घेतो, तेव्हा लोकांना वाटतं अजून मशीन सुरू व्हायचंय, पण ते मिनिट एडिटिंगमध्ये सोन्यासारखं असतं, दोन तुकडे जोडताना मधे तेच लागतं.

एक गोष्ट मात्र बंद करायला लागते, ती म्हणजे फ्रीज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची ती बारीक घूं फ्रीज, ट्यूबचं चोक, जुना पंखा सगळ्यातून येते, कान सवयीने ऐकत नाही पण माईक ऐकतो. एडिटिंगमध्ये बरीच काढता येते, पण सगळी काढायला गेलं की बाकीच्या आवाजाचाही रंग उडतो. म्हणून तुम्हाला विचारून फ्रीज तेवढा वेळ बंद करतो आणि आमच्या गाडीची किल्ली तुमच्या फ्रीजमध्ये ठेवतो. सुरुवातीच्या दिवसांत एका घरी आम्ही फ्रीज चालू करायचा विसरून निघून आलो होतो, त्यांचं दूध आणि विरजण गेलं, भरून दिलं पण फार वाईट वाटलं. आता किल्ली आत असल्याशिवाय काम सुरू करत नाही, तुम्हालाही ती दिसली नाही तर टोका.

घराबाहेरची कामं याहून अवघड. त्यातलं आमचं सगळ्यात आवडतं म्हणजे कल्हई. आता कल्हईवाले शोधावे लागतात, पण जिथे भेटतात तिथे ते काम कानाने ऐकण्यासारखं आहे, कारण त्याला स्वतःचीच सुरुवात आणि शेवट असतो, आम्हाला फार काही करावं लागत नाही. आधी भाता, त्याचा श्वासासारखा भस्स-भस्स. निखारे तडतडतात. भांडं चिमट्यात धरून फिरवतात तेव्हा पितळ आणि लोखंड घासतं. मग नवसागर टाकला की फस्सकन् पांढरा धूर, आणि त्यानंतर कथील लावून कापसाचा बोळा आतून फिरवतात तेव्हा दहा-बारा सेकंद जवळजवळ काहीच नाही, नुसती कापसाची एक मऊ सळसळ. आणि मग भांडं पाण्यात, चर्रर्र!

हा चर्रर्र अचानक आणि मोठा येतो, मागच्या शांततेच्या कितीतरी पट, म्हणून रेकॉर्डरची लेव्हल आधीपासून खाली ठेवावी लागते, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी (शून्य ही रेकॉर्डरची वरची मर्यादा, त्यापुढे आवाज फाटतो). आवाज एकदा फाटला की तो परत शिवता येत नाही. कमी लेव्हलला घेतलेला मात्र नंतर उचलता येतो, २४ बिटला रेकॉर्ड करतो ते त्यासाठीच. कल्हईचा एक ऑडिओ एका भांड्याच्या दुकानासाठी केला होता, मालक म्हणाले मधे काही नाहीये ते कापून टाका, लोक पुढे ढकलतील. त्यांना आम्ही हेडफोन दिले आणि परत ऐकायला सांगितलं. कापसाची सळसळ ऐकल्यावर ते गप्प बसले, मग म्हणाले राहू दे. ती दहा सेकंदं नसती तर चर्रर्र नुसता गोंगाट झाला असता हे आमचं ठाम मत आहे, आणि अशा ठिकाणी आम्ही तुमच्याशी थोडा वाद घालू, तेवढी मुभा द्या.

कसबा पेठेतल्या तांबट आळीचंही बरेच जण विचारतात. तिथे तांब्याच्या भांड्यांवर ठोके देऊन मठारकाम करतात, ठोक्याची लय इतकी एकसारखी की आपला पाय आपोआप धरतो. याच कामावरून एका छोट्या हिरव्या पक्ष्याला पण तांबट म्हणतात, तो झाडाच्या शेंड्यावर बसून टुक टुक टुक करत राहतो, मिनिटाला शंभराच्या वर, आणि चोच मिटलेलीच असते त्याची. एकाच ऑडिओत माणूस तांबट आणि पक्षी तांबट दोन्ही हवेत अशी मागणी आली होती, आम्हाला फारच आवडली. पण पक्षी थंडीत बोलत नाही, त्यामुळे असलं काही मनात असेल तर दिवाळीनंतर नका सांगू, उन्हाळ्याच्या तोंडावर सांगा.

वेळेचं पण असंच. शहरात स्वच्छ रेकॉर्डिंग पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान होतं, त्यानंतर रिक्षा, टँकर, कंस्ट्रक्शन. दूधवाल्याचे कॅन, पेपर फेकल्याचा थप्प, अंगणात खराटा, वासुदेव येत असेल तर त्याचे टाळ, हे सगळं त्या दीड तासात असतं आणि आम्हाला त्याच्या आधी अर्धा तास पोचावं लागतं. म्हणजे तुम्हालाही चारला उठावं लागतं दार उघडायला, हे आधीच ठरवून घ्या.

परवानगीचा मुद्दा महत्त्वाचा. तुमच्या गल्लीतल्या भाजीवालीची आरोळी ही तिची असते, बोहारणीची तिची. आम्ही लपूनछपून रेकॉर्ड करत नाही. आधी जाऊन सांगतो, कशासाठी ते सांगतो, नाही म्हणाल्या तर विषय संपला, हो म्हणाल्या तर रीतसर मेहनताना देतो आणि तो बिलात वेगळा दाखवतो, त्यावर कृपया घासाघीस करू नका. तयार ऑडिओ त्यांनाही ऐकवतो. कोणाचं खासगी बोलणं मधे आलं तर ते आम्ही काढून टाकतो, तुम्ही सांगा न सांगा. आणि शेजारच्या टीव्हीवर सिनेमाचं गाणं लागलेलं असेल तर घरात ऐकायला हरकत नाही, पण तुम्ही ते इन्स्टावर वगैरे टाकलं की कॉपीराइटमुळे क्लिप म्यूट होऊ शकते, म्हणून शक्यतो तो भाग टाळतो.

काही जण सांगतात आमच्याकडे मोबाईलवर रेकॉर्डिंग आहे, त्याचंच करून द्या. करून देतो, विशेषतः माणूस आता नसेल तर तेच आपल्याकडे आहे आणि ते आम्ही जपूनच हाताळतो. पण नवीन करत असाल तर एवढं बघा. मोबाईल मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलाय, त्यामुळे पाऊस, पंखा, झोपाळा याला तो कचरा समजून दाबायला बघतो आणि पाऊस मग बुडबुड्यांसारखा येतो. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये वॅव किंवा लॉसलेस (म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणारा प्रकार) असेल तर ते निवडा, नॉईज रिडक्शन दिसलं तर बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि हातात धरू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून बाजूला व्हा. आवाज सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर अर्धा-अर्धा मिनिट तसंच राहू द्या. बाहेर वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला. आणि जवळ जा, झूम करता येत नाही आवाजात, मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पाठवताना व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुमच्या हातात येतं ते असं: तयार ऑडिओ, आणि पेनड्राइव्हवर सगळं मूळ रेकॉर्डिंग, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वॅव, स्टीरिओचं तासाला साधारण एक जीबी होतं. मूळ रेकॉर्डिंग बरेच जण उघडतसुद्धा नाहीत पण टाकून देऊ नका, दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. आज तुम्हाला आजींचा झोपाळा हवाय, दहा वर्षांनी त्याच फाईलमध्ये मागे खालच्या चौकात कोण कोणाला हाक मारतंय ते हवं असेल. आम्ही आमच्याकडे वर्षभर कॉपी ठेवतो, नंतर पुसतो, पुसायच्या आधी तुम्हाला विचारतो.

दोन खेपा रेकॉर्डिंगच्या, मग साधारण आठवडा एडिटिंगला. पहिला कच्चा ऑडिओ आला की हेडफोनवर ऐका, शक्यतो एकट्याने, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका, त्यात खालचे सूर येतच नाहीत. बदल दोनदा करून देतो. पैसे अर्धे आधी, अर्धे ऑडिओ आवडल्यावर.

राहिला पाऊस, त्याची तारीख आम्ही देऊ शकत नाही. पत्र्यावरचा पहिला वळवाचा पाऊस बऱ्याच जणांना हवा असतो आणि तो पाच-सात मिनिटांत पडून मोकळा होतो, पोचेपर्यंत नुसत्या पागोळ्या उरतात. म्हणून ज्यांना तो हवाय त्यांच्याकडे आम्ही एप्रिलमध्येच एक छोटा रेकॉर्डर ठेवून जातो, वाऱ्यासाठीचं केसाळ टोपरं लावून, आणि एकच लाल बटण दाखवून ठेवतो. दुपारी आभाळ भरून आलं, कुठे धूळ उठली की दाबा. वीज कडाडत असेल तर खिडकीत उभं राहू नका, रेकॉर्डर ठेवा आणि आत या.