हातउसने बुडाले की कोर्टाची पायरी: सोलापूरची पार्श्वभूमी

हातउसने दिलेले पैसे बुडाले की सल्ला मिळतो, 'दावा लावा'. पण छोट्या येण्यांसाठीचे स्वतंत्र लघुवाद न्यायालय मुंबई-पुण्याकडे. सोलापुरात हा दावा नेहमीच्या दिवाणी न्यायालयातच, बहुधा कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे चालतो.

आपल्याकडचा वसुलीचा कायदा घडला तो मात्र कर्ज घेणाऱ्याच्या बचावासाठी. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या खताला, म्हणजे कर्जरोख्याला, दावा लावण्यासाठी तीन वर्षांचीच मुदत ठेवली. हेतू कर्जदाराला सोडवण्याचा, झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई, आणि कोर्ट खालचा अंगठा बघून हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, देई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी ही खतेच जाळली. दंगा पेटला पुणे-नगर जिल्ह्यांत, पण त्यातून आलेला १८७९ चा डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट सातारा आणि सोलापूरलाही लागू झाला. खतावर काय लिहिले आहे ते सोडा, पहिल्यापासूनची देवघेव काढा, असे त्याने न्यायाधीशांना बजावले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणेही थांबवले.

१८८७ च्या लघुवाद कायद्याने किरकोळ दावे झटपट निकालात काढण्याची सोय केली. मर्यादा तेव्हा पाचशे रुपये.

तीन वर्षांची मुदत आजही आहे, पण आता ती गाठते भिडस्त माणसाला. परतीची तारीख ठरली नसेल तर मुदत पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. मेहुण्याला लग्नासाठी दिलेले पैसे मागायचे कसे, या संकोचातच ती सरते. ती संपण्याआधी 'देणे आहे' असे सहीनिशी लिहून घेतले तर नव्याने सुरू होते. वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) किंवा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो: प्रतिवादीने दहा दिवसांत हजर व्हायचे आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी मागायची. चेक न वटल्याचा फौजदारी मार्ग १९८९ पासूनचा. लोकांना तो अधिक जरबेचा वाटतो, आणि ते खरेही आहे.

हुकूमनामा हाती आला तरी पैसे येतातच असे नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लागते आणि तिला बारा वर्षांची मुदत असते. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत, पगारातलेही पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. म्हणून जाणते वकील दाव्याआधीच विचारतात, 'त्याच्या नावावर काय आहे?'