इतिहास आणि पुराण: एका जोडनावातले दोन ग्रंथप्रकार

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद आपण शिकलेल्या विद्या सनत्कुमारांना सांगतो, तेव्हा चार वेदांपाठोपाठ ‘इतिहासपुराण’ हा पाचवा वेद म्हणून येतो. या जोडनावामुळे, आणि दोन्हींचे निवेदन बहुधा नैमिषारण्यात शौनकादी ऋषींपुढे सूताच्या तोंडून होत असल्यामुळे, महाभारत हेही एक पुराणच, असे सर्रास समजले जाते.

रामायण आणि महाभारत हे परंपरेने इतिहास मानलेले ग्रंथ एका राजकुलाभोवती आणि एका निर्णायक संघर्षाभोवती उभे आहेत. त्यांतली आडकथाही सहसा मूळ कथेशी बांधलेली असते. नलाची कथा बृहदश्व ऋषी वनपर्वात सांगतात ती द्यूतात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला. पुराणाला असा एक नायक लागत नाही. सृष्टीची उत्पत्ती, प्रलयानंतरची पुनर्निर्मिती, देव व ऋषींचे वंश, मन्वंतरे (एकेका मनूचे कालखंड) आणि राजवंशांची चरिते ही त्याची पाच लक्षणे सांगितली जातात. प्रत्यक्षात मात्र अनेक पुराणांची बहुतेक पाने व्रते, दाने आणि तीर्थमाहात्म्ये यांनीच भरलेली आहेत.

ही सीमारेषा सर्वत्र ठळक नाही. कृष्णाच्या गोकुळातल्या लीला महाभारतात ओझरत्याच येतात. त्या सविस्तर वाचायच्या तर हरिवंश किंवा भागवत उघडावे लागते. त्यांतले भागवत हे पुराण, तर हरिवंश हे महाभारताचे खिल, म्हणजे परिशिष्ट, असूनही त्याची घडण पुराणाचीच आहे. कौटिल्य तर अर्थशास्त्रात पुराणाचा समावेश इतिहासातच करतो.

आजच्या अर्थाने इतिहास लिहिणाऱ्या संशोधकाला, माझ्या मते, राजवंशांचा क्रम लावताना इतिहासग्रंथांपेक्षा पुराणेच अधिक उपयोगी पडतात. महाभारताची वंशकथा परीक्षित आणि जनमेजय यांच्यापाशी थांबते. मत्स्य, वायू आणि विष्णू या पुराणांत मात्र पुढे होणारे राजे म्हणून, भविष्यकाळी क्रियापदे वापरून, नंद, मौर्य, शुंग आणि आंध्र या वंशांच्या याद्या दिल्या आहेत. यांतले आंध्र म्हणजे पैठणचे सातवाहन. राजांची संख्या आणि राज्यकाल यांबाबत पुराणांत एकवाक्यता नसली, तरी गौतमीपुत्र, पुळुमावी आणि यज्ञश्री ही त्यांतली नावे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत आणि सातवाहनांच्या नाण्यांवरही आढळतात.