परतीचे ओझे

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातील अनेक गावांतून आकाशात जळत जाणारी एक लांब रेघ दिसली आणि थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या शिवारात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे सापडले. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च’ अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. ते कडे पाहून कोणाच्याही मनात येईल की एवढे महागडे सामान एकदा वापरून फेकून का द्यायचे? ट्रॅक्टर कोणी एका पेरणीनंतर धुऱ्यावर सोडून देत नाही.

पृथ्वीच्या जवळपास या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या ‘फाल्कन ९’ अग्निबाणाचा खालचा टप्पा परत येऊन उभा उतरतो, आणि त्यांपैकी काही टप्पे ३० पेक्षा जास्त वेळा उडाले आहेत. मात्र यावरून चंद्रावर किंवा मंगळावर माणसे नेणारे यानही असेच पुन्हा पुन्हा वापरता येईल, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परत येण्यासाठी लागणारी सामग्री हीच लांबच्या प्रवासातली सर्वांत मोठी अडचण आहे.

बंडीत कापूस भरून हिंगणघाटच्या बाजाराला जाणारा शेतकरी बैलांसाठी कडबा सोबत घेत असे. बाजार एका मुक्कामावर असेल तर दोन पेंढ्या पुरतात. तोच बाजार महिनाभराच्या वाटेवर असेल, वाटेत कुठेही कडबा विकत मिळणार नसेल आणि परतीचाही कडबा घरूनच न्यायचा असेल, तर बंडीत कापसाला जागाच उरणार नाही. कडब्याच्या ओझ्यासाठी आणखी बैल जुंपावे लागतील आणि त्या बैलांसाठी आणखी कडबा. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले अग्निबाणाचे समीकरण हेच सांगते: वेगात करायचा बदल बेरजेने वाढत गेला, की लागणारे वजन गुणाकाराने वाढत जाते.

अमेरिकेचे स्पेस शटल १९८१ पासून २०११ पर्यंत उडाले. त्याचे रिकामे यान सुमारे ७८ टनांचे होते आणि ते पृथ्वीलगतच्या कक्षेत साधारण २५ टन माल नेत असे. म्हणजे पंख, चाके, इंजिने, उष्णतारोधक फरशा आणि माणसांची सोय यांचेच वजन मालाच्या तिप्पट. तरीही ते यान पृथ्वीपासून ६००-६५० किलोमीटरच्या वर कधी गेले नाही. समजा, हेच रिकामे यान चंद्राला प्रदक्षिणा घालून परत आणायचे ठरवले. पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राकडे निघण्यासाठी वेगात सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटरची भर घालावी लागते. चंद्राच्या कक्षेत शिरायला आणि तेथून सुटायला प्रत्येकी सुमारे ०.९ किलोमीटर लागतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारे चांगले इंजिन धरले, तरी टाक्यांचे वजन सोडून जवळजवळ १६० टन इंधन आधी कक्षेत नेऊन ठेवावे लागेल, म्हणजे शटलच्याच सहा-सात फेऱ्या. आणि परतताना वातावरणात थेट न घुसता इंजिनाने वेग मारून पृथ्वीच्या कक्षेत थांबायचे म्हटले, तर हाच आकडा ४०० टनांच्या घरात जातो. जे पंख आणि जी चाके शेवटच्या अर्ध्या तासात उपयोगी पडणार, ती चंद्रापर्यंत नेऊन आणण्याचा हा खर्च आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही आपली म्हण येथे कमीच पडते.

इंजिनाने वेग मारण्याऐवजी हवेच्या घर्षणाने आणि दाबाने तो मारावा, हा स्वस्त मार्ग आहे, आणि चंद्राकडून पृथ्वीवर परतलेल्या आजवरच्या सर्व यानांनी तोच पत्करला. अडचण तापमानाची आहे. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून येणारे यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते; चंद्राकडून येणारे सुमारे ११ किलोमीटरने. वेग दीडपटही वाढलेला नाही, पण ऊर्जा दुप्पट होते आणि यानाच्या पृष्ठभागाला दर क्षणी पोचणारी उष्णता वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. यानापुढची हवा तापून स्वतःच प्रखर प्रकाश फेकू लागते, त्याची भर वेगळीच.

शटलच्या फरशा सिलिकाच्या तंतूंच्या होत्या. त्यांच्यात नव्वद टक्के जागा रिकामी असे. भट्टीतून नुकतीच काढलेली अशी फरशी आतून लालबुंद दिसत असतानाही तिचे कोपरे उघड्या हाताने धरता येत, कारण कोपरे झटकन निवत आणि आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागे. पण ती इतकी ठिसूळ होती की नखाने ओरखडा उठावा. प्रत्येक यानावर अशा वीस हजारांहून अधिक फरशा होत्या, प्रत्येकीची जागा ठरलेली होती आणि प्रत्येक उड्डाणानंतर त्या तपासाव्या लागत. २००३ मध्ये बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा ‘कोलंबिया’ यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला, तेथे भोक पडले, आणि १ फेब्रुवारीला परतताना कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. हा अपघात ७.८ किलोमीटरच्या, त्यातल्या त्यात सौम्य वेगाच्या परतीत झाला.

म्हणूनच चंद्राकडून येणाऱ्या यानांना वेगळे कवच देतात. ते स्वतः जळून कोळसा होते, थराथराने झडते आणि उष्णता सोबत घेऊन जाते. जे झडले ते गेले. असे कवच पुन्हा वापरण्यासाठी नसतेच. २०२२ च्या अखेरीस नासाचे, माणसांना चंद्राकडे नेण्यासाठी बांधलेले ‘ओरायन’ यान माणसांविना चंद्राभोवती जाऊन आले, तेव्हा त्याच्या कवचाचे तुकडे शंभराहून अधिक ठिकाणी अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने निघालेले आढळले. कवचाच्या आत तयार झालेल्या वायूंना बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि त्यांच्या दाबाने ते तडकले, असे नासाने नंतर सांगितले.

आता हिशेबाची बाजू. सोयाबीन काढणारे मळणी यंत्र हंगामात गावोगाव फिरते, म्हणून परवडते. मंगळाचा हंगाम २६ महिन्यांनी एकदा येतो, आणि जाऊन-थांबून-परत येण्यास अडीच-तीन वर्षे लागतात. म्हणजे एका फेरीत दोन हंगाम जातात, आणि तीस वर्षे टिकणारे यान बांधले तरी त्याच्या फार तर सहा-सात फेऱ्या होतील. शिवाय वाटेत ना कारखाना, ना सुटे भाग. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला अडचण आली की पृथ्वीवरून सामान पाठवता येते. मंगळाच्या वाटेवर तशी सोय नाही.

‘स्टारशिप’ या पुन्हा पुन्हा वापरायच्या महाकाय यानाच्या कर्त्यांनी, म्हणजे स्पेसएक्सने, यावर कक्षेतच इंधन भरण्याचा मार्ग निवडला आहे, म्हणजे मुक्कामावर आधीच कडबा नेऊन ठेवण्याचा. मला तो सर्वांत समंजस वाटतो, कारण त्यात पुनर्वापराचा खरा फायदा पृथ्वी ते कक्षा अशा सतत फेऱ्या मारणाऱ्या टँकरना मिळतो. पण चंद्रावरच्या एका उतरणीसाठी दहाहून अधिक टँकर लागतील असे अंदाज आहेत, आणि समीकरण तेच राहते.

दुसरा मार्ग चंद्रावर उतरलेले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी १९८५ मध्ये सुचवला. राहण्याचे अवजड घर कुठेच न उतरवता पृथ्वी आणि मंगळ यांच्याजवळून जाणाऱ्या कक्षेत कायमचे फिरत ठेवायचे आणि माणसांनी लहान यानातून त्यात चढायचे. त्या घराला ना पंख लागतात, ना कवच. मात्र ते पृथ्वीजवळून सुसाट जाते, थांबत नाही. चढणाऱ्या लहान यानाला त्याच्याच वेगाने धावावे लागते, आणि परत येणाऱ्याला चंद्रावरून येणाऱ्यापेक्षाही जास्त वेगाने हवेत शिरावे लागते, तेही एकदाच वापरायच्या, जळून झडणाऱ्या कवचाच्या भरवशावर.