लबकच्या क्वार्टरबॅकची जागा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे सामने ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, पण फँटसी खेळणाऱ्यांचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मोजणाऱ्यांचा, जीव जुलैपासूनच टांगणीला लागतो. डॅलसजवळ राहणारा आमचा दहा जणांचा एक गट फक्त बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या एका साखळीतल्या, खेळाडूंवर फँटसी खेळतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो आणि पाळीपाळीने खेळाडू उचलतो. ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्यांना हा प्रकार थोडा वेगळा वाटेल. इथे एक खेळाडू एकाच्याच संघात जातो आणि तोच संघ सीझनभर सांभाळायचा असतो. आयपीएलच्या लिलावाला हे जवळचं आहे, फक्त बोली लागत नाही. पाळी आली की नाव सांगायचं. दुसऱ्याने उचललेला खेळाडू मग आपल्याला मिळत नाही.

म्हणून जुलैत जो तो अंदाजांच्या याद्या घेऊन बसलेला असतो. बहुतेक याद्या मागच्या वर्षीच्या यार्डांवर, म्हणजे खेळाडूने चेंडू किती अंतर पुढे नेला त्यावर, बेतलेल्या असतात, आणि माझ्या मते या कॉन्फरन्सपुरती फसगत तिथेच होते. इथे गेली पंचवीस वर्षं आकडे खेळाडूचे जितके आहेत तितकेच, काही ठिकाणी त्याहून जास्त, त्याच्या जागेचे आहेत. ती जागा कशी घडली हे ठाऊक असलं की यादी वाचायची पद्धतच बदलते.

फँटसी फुटबॉलचं मूळ १९६२ सालातलं. ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या हॉटेलात संघाचा प्रसिद्धी अधिकारी आणि एक पत्रकार यांच्याबरोबर बसून त्यांनी या खेळाचे नियम ठरवले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिला ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू उचलण्याचा कार्यक्रम, झाला. पण हे सगळं व्यावसायिक फुटबॉलपुरतं होतं. कॉलेजचा खेळ मागे राहिला, कारण तिथे संघ शंभराहून जास्त आणि खेळाडू हजारोंनी. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. कॉलेजचा खेळाडू हौशी, त्याने खेळावर पैसे कमवायचे नाहीत, आणि त्याच्या नावावर धंदा करू द्यायचा नाही, हा तेव्हा एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, दंडक होता. व्हिडिओ गेममध्येसुद्धा नाव नसायचं. पडद्यावर दिसायचा तो अमुक विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, आणि त्याचा जर्सी नंबर. उंची, चेहरेपट्टी, खेळण्याची ढब खऱ्या मुलाची, नाव तेवढं गाळलेलं.

आता शीर्षकातल्या लबक गावाकडे येतो.

बिग ट्वेल्व्ह १९९६ मध्ये मैदानात उतरली. जुन्या बिग एटचे आठ संघ आणि टेक्सासमधले चार मिळून ती झाली. बिग एटचा पिंड धावण्याचा. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धावून ३७ टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) ते याच कॉन्फरन्समध्ये. आदल्या वर्षीपर्यंत तो थर्मन थॉमसच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होता, हे जुलैच्या याद्या करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. बिग ट्वेल्व्हच्या पहिल्या वर्षांतही रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारेच, पुढे होते. आयोवा स्टेटच्या ट्रॉय डेव्हिसने १९९६ मध्ये आणि टेक्सासच्या रिकी विल्यम्सने १९९८ मध्ये दोन हजार यार्ड ओलांडले. तेव्हा कुणी बिग ट्वेल्व्हचा ड्राफ्ट केला असता तर पहिल्या चारपाच पाळ्या धावणाऱ्यांवरच गेल्या असत्या.

हे चित्र बदललं माइक लीच या प्रशिक्षकाने. तो स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेला नव्हता, शिक्षणाने वकील होता. आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात हॅल ममीच्या हाताखाली त्याने १९८९ पासून काम केलं. दोघे युटामधल्या प्रोव्हो गावी जाऊन बीवाययूचे, म्हणजे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे, प्रशिक्षक लाव्हेल एडवर्ड्स यांची फेकीची पद्धत पाहून आले आणि तिला आणखी मोकळं केलं. त्यातून एअर रेड ही आक्रमणाची पद्धत उभी राहिली. चार रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, मैदानभर पसरायचे, क्वार्टरबॅकला राखणारी पुढची फळी अंतर सोडून उभी करायची, डाव मोजकेच ठेवायचे पण ते घोटून घोटून बसवायचे, आणि समोरचा बचाव पाहून ऐन वेळी डाव बदलायची मुभा क्वार्टरबॅकला द्यायची. लीच १९९९ मध्ये ओक्लाहोमात आला आणि २००० मध्ये टेक्सास टेकचा मुख्य प्रशिक्षक झाला.

टेक्सास टेक लबकला आहे. पश्चिम टेक्सासमधलं हे सपाट गाव, भोवती नजर जाईल तिथवर कापूस. यवतमाळच्या माणसाला पीक ओळखीचं वाटेल, माती मात्र तांबूस. नावाजलेली मुलं इतक्या लांब सहसा येत नसत. लीचला मिळायची ती बाकीच्यांनी सोडलेली. तरीही पुढे काय झालं ते पाहा. टेकचा क्वार्टरबॅक क्लिफ किंग्सबरी २००२ मध्ये बाहेर पडला. त्याच्यामागे वर्षानुवर्षं बाकावर बसलेल्या बी. जे. सिमन्सने २००३ मध्ये ५,८३३ यार्ड फेकले, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. तो गेल्यावर २००४ मध्ये आला सॉनी कम्बी. शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरलेला हा मुलगा, त्याने ४,७४२ यार्ड फेकले. तो गेल्यावर २००५ मध्ये कोडी हॉजेस, ४,२३८ यार्ड. मग ग्रॅहम हॅरेल, २००७ मध्ये ५,७०५ यार्ड. त्याच वर्षी मायकल क्रॅबट्रीने त्याचे १३४ झेल घेऊन २२ टचडाउन केले. सिमन्स, कम्बी आणि हॉजेस यांना एकेकच वर्ष मिळालं, आणि सीझन सुरू होण्यापूर्वी आदल्या वर्षीचे आकडे पाहून त्यांच्यापैकी एकालाही कुणी वर उचललं नसतं.

आमच्या गटात सगळ्यांत जुना गडी आहे तो मूळचा लबकचाच. त्या काळात तो मित्रांबरोबर हातानेच गुण मांडून खेळायचा. त्याची एक जुनी वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर पहिल्या पाळीपुढे लिहिलंय, टेकचा क्वार्टरबॅक. नाव नाही. कोण खेळणार हे ठरलेलं नसताना त्याने ती जागाच उचलली होती. हे मला फार मोलाचं वाटतं. खेळाडूचं नाव वापरायची बंदी होती म्हणून रुळलेली पद्धत या एका कॉन्फरन्सपुरती अगदी शहाणपणाची ठरली होती.

नावाची बंदी उठली ती बेसबॉलमुळे. फँटसी खेळ चालवणारी सेंट लुईसची एक कंपनी आणि मेजर लीग बेसबॉल यांच्यात वाद झाला. खेळाडूंची नावं आणि आकडे ही सगळ्यांना खुली असलेली माहिती आहे, ती वापरायला परवानगीची गरज नाही, असा निकाल केंद्रीय अपील न्यायालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये दिला. जून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला आणि त्याच वर्षीच्या सीझनला सीबीएस या माध्यम कंपनीने आपल्या कॉलेज फँटसी खेळात खऱ्या मुलांची नावं घातली.

या इतिहासात मला सगळ्यांत खुपणारी गोष्ट इथे आहे. नाव खुलं झालं आणि त्यावर कंपन्यांची कमाई सुरू झाली, पण ज्याचं नाव त्याला मात्र त्यातलं काही घेता येत नव्हतं. घेतलं तर त्याचं खेळणं बंद. आपल्या नावावर, सहीवर, जाहिरातीवर पैसे घेण्याची मोकळीक कॉलेजच्या खेळाडूंना १ जुलै २०२१ ला मिळाली. विद्यापीठाने थेट पैसे देण्याचा रस्ता त्यानंतरही जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीपर्यंत बंद होता. वहीतल्या त्या नावाशिवायच्या ओळीला किमान एवढं तरी म्हणता येतं की तिने कुणा पोराचं नाव फुकट वापरलं नाही.

लीच २००९ च्या अखेरीस लबकमधून गेला, पण त्याची पद्धत कॉन्फरन्सभर पसरली. ममीकडे रिसीव्हर म्हणून खेळलेला आणि लीचच्या हाताखाली राहिलेला डेना होल्गरसन वेस्ट व्हर्जिनियाचा प्रशिक्षक होऊन २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये आला. पहिल्याच कॉन्फरन्स सामन्यात बेलरला ७०-६३ हरवताना त्याच्या क्वार्टरबॅकने, जीनो स्मिथने, ५१ पैकी ४५ फेकी पोचवल्या, ६५६ यार्ड आणि ८ टचडाउन. किंग्सबरी स्वतः प्रशिक्षक होऊन लबकला परतला. आणि २२ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री तिथे जे झालं ते फँटसीवाले अजून सांगतात. टेक्सास टेककडून पॅट्रिक महोम्स, ओक्लाहोमाकडून बेकर मेफिल्ड. महोम्सने ८८ वेळा चेंडू फेकला, ७३४ यार्ड, ५ टचडाउन, एक फेक प्रतिपक्षाच्या हातात. शिवाय ८५ यार्ड धावून आणखी २ टचडाउन. आमच्या नियमाने मोजलं, म्हणजे फेकीच्या २५ यार्डांना आणि धावण्याच्या १० यार्डांना एक गुण, फेकीच्या टचडाउनला चार, धावण्याच्या टचडाउनला सहा, गमावलेल्या फेकीचे दोन वजा, तर होतात ६७.८६ गुण. एरवी तीस मिळाले तरी आम्ही खूश असतो. मेफिल्डने ५४५ यार्ड आणि ७ टचडाउन फेकले. दोन्ही संघांचे एकूण यार्ड प्रत्येकी बरोबर ८५४. टेक ५९-६६ हरलं.

त्या रात्री दोन्ही बाजूंना लीचचाच वारसा उभा होता. ओक्लाहोमाचं आक्रमण सांभाळणारा लिंकन रायली टेक्सास टेकचा विद्यार्थी आणि लीचचा सहायक. आणि मेफिल्ड २०१३ मध्ये शिष्यवृत्तीशिवाय टेकमध्येच खेळला होता. तिथून तो ओक्लाहोमाला गेला तेव्हा नियमाप्रमाणे २०१४ चा सीझन त्याला बाहेर बसावं लागलं, आणि कॉन्फरन्समधल्या कॉन्फरन्समध्ये संघ बदलला म्हणून कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांतून ते वर्षही वजा झालं. जून २०१६ मध्ये कॉन्फरन्सने नियम सैल केला आणि त्याला ते वर्ष परत मिळालं. त्या परत मिळालेल्या २०१७ च्या वर्षात त्याने देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली.

जागा आणि माणूस यांची गाठ सुटायला लागली ती इथून पुढे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्यांची नोंदवही, सुरू झालं. २०२१ पासून एकदा संघ बदलला तर बाहेर बसणं संपलं आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली. दुसरीकडे कॉन्फरन्सच हलली. २०२३ ला बीवाययू, सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा आले. २०२४ ला टेक्सास आणि ओक्लाहोमा गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोराडो आणि युटा आले. संघ १६ झाले. ज्या बीवाययूकडून लीच शिकून आला तेच आता या कॉन्फरन्सचं झालं. शिवाय २०२३ पासून प्रत्येक फर्स्ट डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकून नव्या संधी मिळाल्यावर, घड्याळ थांबवणं बंद झालं, फक्त दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं सोडून. डाव कमी होतात, म्हणून २००७ च्या यार्डांशी आजचे यार्ड ताडून पाहू नयेत. आणखी एक बारकावा नवे लोक हमखास विसरतात. कॉलेजात क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच मागे पाडलं की ते यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तसं नाही. पुढची फळी कच्ची असेल तर चांगल्या पळणाऱ्या क्वार्टरबॅकचेही गुण गळतात.

२०२४ च्या जुलैत पत्रकारांनी मतदान करून युटाला पहिलं आणि ॲरिझोना स्टेटला सोळावं, म्हणजे शेवटचं स्थान दिलं. ॲरिझोना स्टेट आदल्या वर्षी बारापैकी तीनच सामने जिंकलं होतं. त्यांचा रनिंग बॅक कॅम स्कॅटबू ७८३ यार्ड धावला होता आणि यादीत तो त्याच हिशेबाने खाली होता. पण त्या संघात चेंडू त्याच्याकडेच जाणार हे दिसत होतं. धावायला तोच, झेलायलाही तोच. मी तेव्हा ते पाहिलं नाही, आमच्यातल्या लबकवाल्याने पाहिलं. स्कॅटबू १,७११ यार्ड धावला, वर ६०५ यार्डांचे झेल. ॲरिझोना स्टेटने आयोवा स्टेटला ४५-१९ हरवून कॉन्फरन्स जिंकली. युटाचे सात सामने गेले.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, बिग ट्वेल्व्हने पत्रकारांचं मतदानच घेतलं नाही. प्रशिक्षक डॅलसजवळच्या फ्रिस्कोला आले, बोलले, गेले. क्रमवारी निघाली नाही. त्या डिसेंबरमध्ये टेक्सास टेकने बिग ट्वेल्व्हचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं, बीवाययूला ३४-७ हरवून, आणि तेही बचावाच्या जोरावर. त्या बचावाचा म्होरक्या जेकब रॉड्रिगेझ, देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूचा, बटकस पुरस्कार त्या वर्षी त्याला मिळाला. आमच्या लीगमध्ये बचावाचे खेळाडू उचलतच नाहीत, त्यामुळे तो कुणाच्याच संघात नव्हता. कॉलेजात तो पहिल्यांदा दाखल झाला तो व्हर्जिनियात, क्वार्टरबॅक म्हणून. लबकला आल्यावर तो लाइनबॅकर झाला.