हर्ग अँटिबॉडी : कुपी उघडण्याआधी वाचावे असे काही

ही अँटिबॉडी फक्त संशोधनासाठी आहे. रुग्णाच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी ती वापरू नये.

हर्ग हे हृदयाच्या पेशींच्या पटलावरचे पोटॅशियम चॅनेल. ठोका पडून गेला की ते पोटॅशियम बाहेर सोडते आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. ते अडले तर ईसीजीतले क्यूटी अंतर (ठोका सुरू होऊन पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबते आणि ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध १९९० च्या दशकात अमेरिकेत मागे घेतले गेले ते यामुळेच. म्हणूनच नवे औषध हर्गला अडवते का, हे आता आधीच पाहिले जाते.

दोन बँड दिसले तर

ब्लॉट म्हणजे जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर उतरवून (ट्रान्सफर) अँटिबॉडीने ओळखणे; प्रथिनाची दिसणारी पट्टी म्हणजे बँड. आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते यासाठी : "ब्लॉटवर दोन बँड आलेत, अँटिबॉडी खराब आहे का?" नाही. हर्ग व्यक्त करणाऱ्या, म्हणजे हर्ग बनवणाऱ्या, एचईके पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) दोन बँड यायलाच हवेत. सुमारे १३५ किलोडाल्टनचा (प्रथिनाच्या वजनाचे एकक) बँड पेशीच्या आत घडत असलेल्या, अपुऱ्या साखरसाखळ्यांच्या प्रथिनाचा. सुमारे १५५ चा पटलापर्यंत पोहोचलेल्या पक्व प्रथिनाचा. खात्री करायची असेल तर लायसेटवर (पेशी फोडून केलेले द्रावण) एन्डो एच हे अपक्व साखरसाखळ्या कापणारे एन्झाइम वापरून पाहा : खालचा बँड आणखी खाली सरकतो, वरचा जागचा हलत नाही. पक्व साखळ्याही कापणारे पीएनजीएज एफ वापरले तर दोन्ही सरकतात.

खरी माहिती या दोन बँडांच्या प्रमाणातच असते. लाँग क्यूटी प्रकार २ या हर्गच्या जनुकातल्या दोषाने होणाऱ्या आजारातल्या बऱ्याच उत्परिवर्तनांत प्रथिन बनते, पण पटलापर्यंत जात नाही, आणि मग फक्त १३५ चा बँड उरतो. एन४७०डी हे उत्परिवर्तन असलेल्या पेशी नेहमीच्या ३७ ऐवजी २७ अंशांवर वाढवल्या तर वरचा बँड परत दिसू लागतो. तेव्हा खालचा बँड 'कचरा' समजून चित्रातून कापू नका, ही आमची कळकळीची विनंती.

ही अँटिबॉडी प्रथिनाचे सी-टोक, म्हणजे साखळीचे शेवटचे टोक, ओळखते. त्यामुळे हृदयाच्या ऊतीत हर्गचा १बी हा आखूड प्रकारही, १०० किलोडाल्टनच्या खाली, दिसू शकतो.

सॅम्पल उकळू नका. पटलावरची प्रथिने ९५ अंशांवर गोळा होऊन जेलच्या खाचेतच अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवणे पुरते. प्रथिन मोठे आहे, म्हणून ट्रान्सफरला जास्त वेळ द्या. हर्ग नसलेल्या एचईके पेशींची एक लेन प्रत्येक जेलवर हवीच.

सी-टोक पेशीच्या आत असते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर आधी ट्रायटन या डिटर्जंटने पटल सच्छिद्र करा. जिवंत पेशींवर बाहेरून ही अँटिबॉडी बसणार नाही.

कुपी आल्यावर लहान भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवू-गोठवू नका. एचआरपी (बँड दिसायला लावणारे एन्झाइम) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीच्या, म्हणजे या अँटिबॉडीवर बसणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या, द्रावणात सोडियम अझाइड घालू नका, त्याने एचआरपी बंद पडते.

काही अडले तर ब्लॉटचे न कापलेले पूर्ण चित्र, मार्करसह (माहीत असलेल्या आकारांच्या प्रथिनांची लेन), आणि कुपीवरचा लॉट क्रमांक आम्हाला पाठवा. पेशी कोणत्या आणि सॅम्पल किती तापवले, तेही लिहा.