किलोला १७० ग्रॅम लोखंड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम बघायला उभं राहिलं, की भट्टीशेजारची लोखंडी पळी नजरेत भरते. तिला पांढरा लेप दिलेला असतो. मी एका मिस्त्रींना कारण विचारलं. "लेप नसला तर रसात लोखंड उतरतंय. लोखंड उतरलं की माल ठिसूळ, मग भंगारच बघा," असं म्हणत त्यांनी ढिगातला एक मोडका तुकडा माझ्या हातात दिला. तुटलेल्या कडेवर बारीक पाती चमकत होती. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि लोखंड मिळून हे पातळ, कडक स्फटिक बनतात आणि कास्टिंग त्यांच्याच कडेनं तडकतं. एखादा टक्का लोखंडही त्याला पुरतं.

आता असा मिश्रधातू डोळ्यांपुढे आणा, ज्यात १०० पैकी ६३ अणू अ‍ॅल्युमिनियमचे, २५ तांब्याचे आणि १२ लोखंडाचे. वजनात मांडलं तर किलोला साधारण ४३० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम, ४०० ग्रॅम तांबं आणि १७० ग्रॅम लोखंड! मिस्त्रींनी हे मिश्रण फेकूनच दिलं असतं. पण नीट तापवून मुरवलं की याच मिश्रणाचं क्वासिक्रिस्टल होतं, म्हणजे अणू शिस्तीत असलेला, पण एकच नक्षी पुन्हा पुन्हा न येणारा घन पदार्थ.

चौकोनी किंवा षटकोनी फरशा फट न ठेवता बसतात. नुसत्या सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोनांच्या पंचकोनी फरशा बसवून बघा, मध्ये फट राहतेच. साध्या स्फटिकातही अणूंची नक्षी फरशांसारखीच पुन्हा पुन्हा येते, म्हणून स्फटिकात पाच बाजूंची सममिती असूच शकत नाही, असं पुस्तकं सांगत होती. ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत काम करत असलेल्या डॅन शेख्टमन यांना झटकन थंड केलेल्या अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १० ठिपक्यांची वर्तुळं दिसली, म्हणजे पुस्तकांनी नाकारलेल्या सममितीचीच खूण. अणू शिस्तीत होते, पण तीच नक्षी पुन्हा पुन्हा येत नव्हती. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञानं अखेरपर्यंत हे मानलं नाही. शेख्टमन हटले नाहीत आणि २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचा तो मिश्रधातू तापवला की साध्या स्फटिकात बदलून जाई. १९८७ मध्ये जपानमध्ये आन पांग त्साई आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम-तांबं-लोखंडाचं टिकाऊ क्वासिक्रिस्टल बनवलं आणि पुढचं काम सोपं झालं.

याच त्साईंनी पुढे त्याच्यापासून उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, बनवला, आणि मला खरा रस आहे तो इथे. उत्प्रेरकाला हवा असतो भरपूर पृष्ठभाग, म्हणजे बारीक भुकटी. मऊ, चिवट धातू कुटायला गेलं तर तो चपटा होतो, फुटत नाही. हा ठिसूळ धातू मात्र खलबत्त्यात पापडासारखा चुरा होतो. फाउंड्रीत ज्या दोषापायी माल भंगारात जातो, तोच इथे कामी येतो.

पुढची पायरी कॉस्टिक सोड्याची. सोड्यानं घासलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काळवंडतं, हे घरोघरी माहीत आहे. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मरे रॅनी यांनी याच युक्तीनं निकेल-अ‍ॅल्युमिनियममधलं अ‍ॅल्युमिनियम विरघळवून निकेलचा स्पंजासारखा सच्छिद्र उत्प्रेरक बनवला होता. तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवायला तो वापरात आला. क्वासिक्रिस्टलच्या कणावरून मात्र अ‍ॅल्युमिनियम सावकाश आणि एकसारखं सुटतं. आत गाभा तसाच राहतो, वरच्या थरात उरतात तांब्याचे अतिसूक्ष्म कण आणि लोखंडाचं ऑक्साइड.

या कणांवर २५०-३०० अंश सेल्सिअसला मिथेनॉलची वाफ आणि पाण्याची वाफ सोडली, की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. मिथेनॉलच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीन रेणू. साध्या तांब्याच्या उत्प्रेरकाची खोड अशी, की तापल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि त्याचं काम मंदावतं. इथे मध्ये लोखंडाचं ऑक्साइड बसलेलं असतं. तांबं आणि लोखंड सहजी एकजीव होत नाहीत, त्यामुळे तांब्याच्या कणांना एकत्र यायला आडकाठी होते. माझ्या मते क्वासिक्रिस्टलची खरी कामगिरी हीच. ते स्वतः उत्प्रेरक म्हणून फार काही करत नाही, तर चांगला उत्प्रेरक घडायला लागणारा कच्चा माल पुरवतं.

हा हिशेब मी मिस्त्रींना सांगितला. त्यांनी मोडका तुकडा पुन्हा हातात घेतला, अंगठ्यानं कडा चाचपली आणि विचारलं, "कुटायला किती बारीक लागतंय?"